आडवी गाठ

१

चिगुसाचे वडील दोनदा वारले.

पहिल्यांदा वारले ते नुसते तोंडी. हिनाको तेव्हा बालवाडीत होती. फाटकापाशी उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी सहज विचारलं, "तुमचे आईवडील कुठे असतात?" आणि चिगुसाच्या तोंडून निघून गेलं, "आई मी लहान असतानाच गेली. वडीलही गेले, गेल्याच वर्षी." बायकांनी चुकचुक केली आणि विषय संपला. माणूस इतक्या सोप्या रीतीनं जातो हे तिलाही नवीन होतं. मग तेच हिनाकोला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि हिनाकोचं लग्न ठरलं तेव्हा मुलाच्या आईलाही सांगितलं.

म्हातारा वाईट नव्हता. नुसता मोठ्ठा होता. आवाज मोठा, हसणं मोठं, तहान तर विचारूच नका. चिगुसाच्या लग्नात पाहुण्यांसमोर नावाड्यांचं गाणं म्हणायला टेबलावर चढला आणि गाण्यासकट फुलांच्या रचनेत कोसळला. "बाबा, लोक बघतायत," हे वाक्य चिगुसानं आयुष्यात जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा नवऱ्याला "जेवलात का" म्हटलं असतं तर नवरा टिकला असता. तो आता दुसऱ्या बाईचा नवरा आहे, आणि बरा जाडा झालाय म्हणे.

म्हातारा शेवटी डोंगरापलीकडच्या एका वृद्धाश्रमात होता. चिगुसा वर्षातून एकदा आल्याच्या गोळ्यांचा डबा घेऊन जायची, लांबची कुणी नातेवाईक जावी तशी. म्हातारा डबा फोडायचा, गोळी तोंडात टाकायचा आणि कवळीवर टक् टक् वाजवत बसायचा. नात कशी आहे हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारायचं नाही हे त्याचं त्यानंच ठरवलं असावं.

दुसऱ्यांदा वारला तेव्हा आश्रमातून फोन आला. त्याला अजून दोन आठवडेही झाले नव्हते.

अंत्यसंस्काराला चिगुसा एकटीच होती. म्हाताऱ्याला पांढरे कपडे घातले होते, पलीकडच्या प्रवासाचे. तिथला माणूस लांब बंदांच्या गवती चपलांचा जोड घेऊन अदबीनं पुढे आला. "पायात या घरच्या माणसानं घालायच्या असतात. गाठ तेवढी उभी मारा हं, बाई. आडवी गाठ जित्या माणसाची."

चिगुसा गुडघे टेकून बसली. पाय थंड होता आणि वाटला होता त्यापेक्षा खूप लहान. एका पायाची गाठ मारून झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की हातांनी आपली सवयीची गाठ मारली, रोज बुटाची मारतो ती, आडवी. ती सोडणार तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मुलाच्या आईचा होता. लग्नाआधीच्या आशीर्वादाला देवस्थानात कधी जायचं, अमुक दिवशी चालेल का, तिथल्या बागेत आयरिस फुललेत म्हणे. चिगुसा बाहेर जाऊन अगदी हसत हसत बोलली. परत आली तर पेटीला झाकण लागलं होतं. दुसरी चप्पल तिच्या हातातच राहिली होती.

आता अस्थींची पेटी पांढऱ्या कापडात बांधून कपाटात होती, हिवाळ्यातल्या रजयांच्या मागे. ती चप्पल पेटीच्याही मागे.

घरात कुणी गेलं की पन्नास दिवस देवस्थानाच्या कमानीखालून जायचं नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण सुतक सांगायचं कुणाचं? वीस वर्षांपूर्वी मेलेला माणूस परवा पुन्हा मेला, हे विहीणबाईंना कुठल्या तोंडानं सांगायचं?

२

"फोटो काढते हं, तुम्ही व्हा पुढे," चिगुसा कमानीशी म्हणाली.

तिचा बेत साधा होता. सुतकातली माणसं अगदीच नड असेल तर कमानीच्या बाजूनं जातात, म्हणजे देवाला तेवढं लागत नाही म्हणतात. फोटो काढायच्या निमित्तानं खांबाला वळसा घालायचा, एवढंच. ती मोबाइल डोळ्यांसमोर धरून खेकड्यासारखी आडवी सरकायला लागली.

"अहो विहीणबाई!" तोगावाबाईंचा आवाज खणखणीत होता. "देवाच्या घरात खिडकीतून शिरताय की काय?"

या मुलाच्या आई. साठीच्या, ताठ, फिकट जांभळा किमोनो, पायात बर्फासारखे पांढरे मोजे. त्या हसत होत्या, पण त्यांचं हसणं आणि त्यांचे डोळे नेहमी वेगवेगळ्या कामाला लागलेले असत.

"आई ना, कुठेही गेली की अशीच हरवते," हिनाको म्हणाली आणि हात धरून तिला मधोमध कमानीखालून घेऊन आली.

काही झालं नाही. ढगाळ आभाळ होतं, देवदारांना ओल सुटली होती. चिगुसानं मनात देवाला म्हटलं, एवढं पोरीचं लग्न होऊ दे, मग काय ते बघू. देवाशी घासाघीस करायची ही पद्धत तिनं वडिलांकडूनच घेतली होती.

पुढे देवळापर्यंत पांढऱ्या खडीचा रस्ता. खडीवर पाय वाजतात. विहीणबाईंचे टुकुटुकु, हिनाकोच्या टाचांचे कचकच, चिगुसाचे आपले कसेतरी. तिघी बोलत चालल्या होत्या.

सर्र. टप्.

चिगुसानं मागे पाहिलं. कुणी नव्हतं. लांब एक माळी खराट्यानं खडी सारखी करत होता. त्याचाच आवाज, दुसरं काय.

पुढे हात धुवायच्या कुंडापाशी तिघी थांबल्या. मागचा आवाजही थांबला, पण जरा उशिरा. सर्र. मग टप्.

घासत येणारा एक पाय आणि अनवाणी एक.

३

बाग देवळाच्या मागे होती. तळं, तळ्यावर लाकडी फळ्यांची नागमोडी वाट, दोन्ही बाजूंना जांभळे-पांढरे आयरिस. फळ्यांवर खडी नव्हती याचं चिगुसाला इतकं बरं वाटलं की तिनं फुलांचं जरा जास्तच कौतुक केलं.

"तुमच्या वडिलांना फुलांची आवड होती का हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे, ते एकदा पडले होते फुलांत," चिगुसा बोलून गेली आणि जीभ चावली.

"अगंबाई! मग?"

"मग काही नाही. उठले."

हिनाको खुदकन हसली. "हे मला कधी सांगितलं नाहीस गं. आजोबांचं काहीच सांगत नाहीस तू."

"सांगण्यासारखं काय असायचं?"

"कशानं गेले ते तरी?" विहीणबाई सहज विचारावं तसं विचारत होत्या. "आमच्याकडे सगळी हृदयानं जातात. मुलांच्या दृष्टीनं माहीत असलेलं बरं."

"झोपेत गेले," चिगुसा म्हणाली. हे खरं होतं. फक्त केव्हा, एवढंच खोटं.

तेवढ्यात टक् झालं. दातावर गोळी वाजावी तसं. तिच्या डाव्या कानाशी.

ती फळीवर थबकली. पाण्यात मासे वळले असतील, पाण्यानं भरून कलंडणाऱ्या बांबूच्या पन्हाळीचा ठोका पडला असेल, कुठल्याही बागेत असतेच एखादी. ती नजरेनं बागभर पन्हाळ शोधत राहिली. नव्हती. तरी आल्याचा वास यायला नको होता. तो येत होता, आणि त्याच्या आत आश्रमाच्या खोलीचा, डांबराच्या गोळ्यांचा.

"आई, पांढरी पडलीयस," हिनाको म्हणाली.

"पावडर जास्त झालीय."

फळ्या ओल्या नव्हत्या. पण त्या तिघी आल्या होत्या त्या वाटेवर, एक फळी सोडून एक, ओला पाय उमटत आला होता. एकच पाय. उजवा. चिगुसानं विहीणबाईंचा हात धरला आणि त्यांना भराभर चहाच्या खोलीकडे नेलं, म्हाताऱ्या माणसाची फार काळजी असल्यासारखं.

"पळवताय कुठे मला?" विहीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "लग्न आज नाहीये!"

४

चहा देणारी बाई गोलमटोल आणि बोलघेवडी होती. तिनं तबक ठेवलं. हिरव्या चहाचे चार वाडगे, गोडाच्या चार वड्या.

"आम्ही तिघी आहोत," हिनाको म्हणाली.

"हो? मग ते आजोबा?" बाईनं दाराकडे मान वळवली. सरकतं कागदी दार अर्धं उघडं होतं, पलीकडे पडवीचा कोपरा. "ते तुमच्यातलेच ना? मघापासून तुमच्या मागं मागं आहेत. आत या म्हटलं तर येईनात. पायाकडे दाखवतात नि नको नको म्हणतात. मेलं संकोची माणूस."

विहीणबाईंची नजर सावकाश फिरत चिगुसावर येऊन थांबली. नजरेत संशय नव्हता, नुसती चौकशी होती, आणि तीच जास्त वाईट.

चिगुसाला दार उघडून बघता आलं असतं. दोन पावलांवर तर होतं. बघितलं असतं आणि तिथं कुणी नसतं, तर सुटली असती. आणि असतं तर? तिला भुताची भीती वाटली नाही, हे तिला स्वतःलाच नंतर फार लागलं. भीती वाटली ती ही, की म्हातारा असेल, आणि विहीणबाई त्याला बघतील.

"नाही बाई," ती म्हणाली. "आम्ही नाही ओळखत त्यांना."

आवाज चांगला स्वच्छ निघाला. पडवीपर्यंत जाईल इतका.

"मग असतील कुणी वाट चुकलेले," चहावाली म्हणाली. "चहा ओतून का द्यायचा? त्यांनाच देते." ती चौथा वाडगा घेऊन बाहेर गेली. बाहेर काही कुजबुज झाली, मग कुणीतरी चहा सुर्र करून ओढल्याचा मोठ्ठा आवाज आला. विहीणबाईंनी नाक मुरडलं.

बाई रिकामा वाडगा घेऊन परत आली. "प्यायले हो. आणि वाकून वाकून आभार मानत होते, जसं काही मी त्यांना जेवणच घातलंय. पण गार किती पडलेत! बोटं लागली माझ्या हाताला." तिनं आपली बोटं कमरेला खोचलेल्या फडक्याला पुसली, आणि पुसतच राहिली.

चिगुसानं स्वतःचा चहा संपवला. चव लागली नाही. वडी मात्र तिनं खाल्ली, कारण न खाणं वाईट दिसलं असतं.

५

आशीर्वादासाठी देवळात बसवलं. बूट बाहेर, आत चटयांवर बुटकी स्टुलं. विहीणबाई, मग हिनाको, मग चिगुसा. चिगुसाच्या डावीकडे एक स्टूल मोकळं होतं. तिनं त्याच्यावर पर्स ठेवली, गाडीत जागा धरतात तशी.

पुजाऱ्यानं हिनाकोचं नाव घेतलं, मुलाचं घेतलं, घराण्यांची नावं घेतली. मग म्हणाला, "माना खाली."

मान खाली घातली की फक्त पाय दिसतात. विहीणबाईंचे शुभ्र मोजे, जोडलेले. हिनाकोचे पातळ मोज्यातले, जरा आत वळलेले, लहानपणापासून तसेच. चिगुसाच्या मोज्याला अंगठ्याशी भोक पडलेलं होतं, आणि एवढ्या सगळ्यात तिला त्याचीही लाज वाटली. तिनं अंगठा दुमडला.

डोक्यावरून पुजाऱ्याची शुद्धीची, पांढऱ्या कागदी पट्ट्यांची काठी सरसरत गेली. विहीणबाईंवरून. हिनाकोवरून. तिच्यावरून.

आणि तिथं थांबली नाही. सरसरत आणखी डावीकडे गेली.

डावीकडे तिला बघायचं नव्हतं. ती नाही बघणार म्हणाली आणि डोळे आपले गेलेच.

डाव्या पायात गवती चपलेचं जळून काळं पडलेलं काहीतरी होतं. त्याची गाठ मात्र न जळता राहिली होती, छान, घट्ट, आडवी, बुटाची असते तशी. उजवा पाय अनवाणी. लहान. तळव्याला पांढरी खडी चिकटलेली. तो पाय चटईवर पूर्ण टेकलेलाही नव्हता, देवळाची चटई मळू नये म्हणून बोटांवर उचलून धरला होता.

पुजारी म्हणाला, "वर बघा."

स्टुलावर तिची पर्स नव्हती. कुणीतरी ती उचलून नीट खाली ठेवली होती, तिच्या पायापाशी.

६

बाहेर पायरीवर देवस्थानातल्या मुलींनी सगळ्यांचे जोड बाहेर तोंड करून मांडून ठेवले होते. विहीणबाईंचे, हिनाकोचे, चिगुसाचे. आणि रांगेत शेवटी, तितक्याच अदबीनं सरळ करून, एक गवती चप्पल.

एकच.

सकाळी ती कपाटात होती, रजयांमागे. बंद सुटलेले तसेच लोंबत होते.

विहीणबाईंनी किमोनोची कड आवरून एक पाऊल मागे घेतलं. तसली चप्पल कुणाच्या पायात घालतात हे त्यांना सांगायची गरज नव्हती. "हे इथं कुणी आणलं?" त्या हळू म्हणाल्या. "देवाच्या दारात? सुतकातलं कुणी आत शिरलंय की काय?"

मांडणाऱ्या मुलीचा चेहरा रडवेला झाला. "मला वाटलं, तुमच्याबरोबरच्या..."

"नाही नाही," चिगुसा घाईनं वाकली. "कुणाचं तरी पडलं असेल. मी टाकते कचऱ्यात." आणि तिनं चप्पल उचलून पर्समध्ये कोंबली.

कचऱ्यात. हा शब्द तिनं वापरला. घरी भाजीची देठं टाकताना वापरते तोच.

मग ती तडक निघाली. खडीवरून, मागे न बघता. विहीणबाई शेजारी टुकुटुकु. मागून आता काहीच येत नव्हतं. ना सर्र, ना टप्. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं याचं इतकं वाईट वाटलं की कमानीशी पोचेपर्यंत तिचे कान तापले होते.

कमानीबाहेर जाऊन वळून नमस्कार करायचा असतो. ती वळली.

हिनाको बरीच मागे राहिली होती. सावकाश येत होती, एक कोपर बाहेर काढून, एका बाजूला जराशी कललेली. कुणाचातरी भार हातावर घेतल्यासारखी. दर पावलाला थांबत होती.

"सावकाश, आजोबा," ती म्हणत होती. "इथं खड्डा आहे."

७

"कुणाशी बोलत होतीस?" चिगुसानं गाडीपाशी विचारलं.

"अगं, ते चहावाले आजोबा. एका पायात काहीच नव्हतं बिचाऱ्यांच्या." हिनाको मागे बघत होती. "आत्ता तर होते. कमानीपर्यंत सोडलं मी त्यांना. फार गोड होते गं. माझं लग्न आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. म्हणाले, मी लांबूनच बघतो, तुम्ही माझ्याकडे लक्ष देऊ नका. मी म्हटलं, ती बघा माझी आई, आमची गाडी आहे, सोडते ना तुम्हाला. तर घाबरलेच एकदम. नको नको, म्हणाले, त्या बाईंना मी ओळखत नाही."

चिगुसानं गाडीचं दार धरलं.

"दोनदा म्हणाले. ओळखत नाही हो, अगदी ओळखत नाही. जसं काही मी तुझ्याकडे त्यांची तक्रारच करणार होते. आणि ही दिली." हिनाकोनं मूठ उघडली. आल्याची गोळी होती, कागदात, जुनी, चिकटलेली.

विहीणबाईंनी गोळीकडे पाहिलं, मग चिगुसाकडे. पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला. हिनाको मागे बसली, तिनंही लावला. चिगुसानं गाडी सुरू केली.

टिंग. टिंग. टिंग.

समोर लाल दिवा लागला. मागच्या डाव्या सीटवरच्या माणसानं पट्टा लावलेला नाही.

"मागे सामान आहे का काही?" विहीणबाई म्हणाल्या.

"काही नाही," हिनाको शेजारच्या मोकळ्या सीटकडे बघत म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आई, इथं काहीच नाहीये."

टिंग. टिंग.

चिगुसा आरशात बघू शकली असती. बघितलं नाही. तिनं इंजिन बंद केलं. दिवा गेला नाही. गाडीतळावर माणसं होती, सहलीची बस नुकतीच लागली होती, पिवळ्या टोप्या घातलेले म्हातारेकोतारे उतरत होते. तिनं पर्समधून चप्पल काढली, खाली उतरली, वळसा घालून डावीकडचं मागचं दार उघडलं, आणि डांबरावर गुडघे टेकले.

"विहीणबाई, काय करताय?" तोगावाबाई दार उघडून खाली उतरल्या होत्या. आवाजात पहिल्यांदाच ताठपणा नव्हता. "ती चप्पल... कोण आहे तिथं?"

"माझे वडील," चिगुसा म्हणाली. "तेव्हा गेले नव्हते. आत्ता गेले. मी सुतकात आहे."

बसमधली माणसं थांबून बघायला लागली. कुणीतरी मोबाइल वर धरला. चिगुसानं हात पुढे केला, जिथं पाय असायला हवा तिथं, आणि हाताला पाय लागला. थंड, लहान, खडी चिकटलेला. तिनं खडी एकेक करून झाडली. चप्पल चढवली. बंद घोट्याभोवती फिरवले, आणि सवयीनं आडवी जाऊ लागलेली गाठ सोडून उभी मारली.

मग दुसरा पाय शोधला. जळकी चप्पल हाताला करपल्या गवतासारखी लागली, बोटं काळी झाली. ती आडवी गाठ नखांनी सोडवायला लागली, आणि पाय मागे ओढला गेला.

तिनं घट्ट धरला. तो ओढतच होता, जोरानं नव्हे, संकोचानं.

आणि अगदी वर, तिच्या डोक्यापाशी, टक् करून गोळी दातावर वाजली. आयुष्यात ज्याला कधी हळू बोलता आलं नव्हतं, तो आवाज फक्त तिलाच ऐकू जाईल इतका हळू बोलला.

"राहू दे गं, पोरी. लोक बघतायत."